खाली पाहणारे डोळे

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गर्भगृहापर्यंत पोचलं की सोबतचा माहितगार माणूस बॅटरी काढतो. समोर धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला भव्य बुद्ध बसलेला असतो, पापण्या अर्ध्याहून अधिक उतरलेल्या. तो आधी एका बाजूनं उजेड टाकतो आणि विचारतो, "काय दिसतं?" पोरं ओरडतात, "हसतोय!" मग तो दुसऱ्या बाजूला जातो. आता ओठांच्या कोपऱ्यात सावली साचते, गालाखालची रेघ खोल होते आणि तीच पोरं जरा दबकत म्हणतात, "उदास झाला." शेवटी समोरून उजेड. "ध्यान लावलंय." एवढं झालं की बॅटरी बंद होते आणि पुढच्या घोळक्याला जागा करून द्यावी लागते.

जळगावात मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. आमच्याकडच्या शाळांची सहल अजिंठ्याला जाणार हे ठरलेलंच. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडायची, तिथल्या बसनं पायथ्याशी जायचं आणि पायऱ्या चढून वर आलं की नालाच्या आकारात वळलेला तो कडा आणि खाली वाघूर नदी. त्यामुळं बॅटरीचा हा प्रयोग मी पुष्कळदा पाहिला, आणि दर वेळी माझं लक्ष मूर्तीपेक्षा पोरांकडं गेलं. उजेडानं बदलतात त्या सावल्या ओठांपाशी असतात, नाकाच्या कडेला असतात. पण 'उदास' म्हणताना पोरांची बोटं मात्र डोळ्यांकडंच जातात. डोळे खाली आहेत, म्हणजे काहीतरी दुखतंय, हे त्यांच्यापुरतं पक्कं झालेलं असतं.

ते कुठून पक्कं होतं हे मला वह्यांतून कळलं. 'पुढील विशेषणांचा वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न मराठीच्या पेपरात हमखास असतो. 'खिन्न' आलं की वर्गातल्या अर्ध्याअधिक वह्यांत एकाच कुळातली वाक्यं सापडतात. नापास झाल्यामुळे राजू खिन्न होऊन खाली मान घालून बसला. आई रागावल्यामुळे सीमा खिन्न नजरेने जमिनीकडे पाहू लागली. व्याकरणात चूक नसते, गुण द्यावेच लागतात. आणि दोष मुलांचा तरी कसा म्हणावा? आमच्या मोठमोठ्या कथा-कादंबऱ्यांतही पात्राला दुःख झालं की लेखक पहिल्यांदा त्याची मान खाली घालतो. खिन्न, उदास, हिरमुसलेला, म्लान, यांतलं कुठलंही विशेषण उचला. त्याच्यासोबत उतरलेल्या पापण्या ठरलेल्याच. वाचकानं काय समजायचं तेही ठरून गेलेलं. मला हे वाचन घाईचं वाटतं. त्यात खाली पाहणाऱ्या माणसावर अन्याय होतो आणि खरोखर दुःखात असलेल्यावर त्याहून मोठा.

पापणीचं काम खरं म्हणजे फार साधं आहे. बुबुळ खाली वळलं की वरची पापणी त्याच्या मागोमाग खाली येते. सुईत दोरा ओवणारी बाई, गणित सोडवणारा मुलगा, पोथी लावून बसलेले आजोबा, बाळाला अंगावर पाजणारी आई, सगळ्यांच्या पापण्या सारख्याच उतरलेल्या असतात. फरक असतो तो फक्त समोर काय आहे याचा. पण समोरून पाहणाऱ्याला बुबुळ दिसेनासं होतं आणि माणसाचं बुबुळ दिसेनासं झालं की आपण अस्वस्थ होतो. मग त्या रिकाम्या जागेत आपण आपल्या पदरचं काहीतरी भरतो, आणि भरायला सगळ्यांत जवळ असतं ते दुःख.

जुन्या लोकांनी ही घाई केली नव्हती. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भरतमुनींनी छत्तीस दृष्टी सांगितल्या आहेत: आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. नटानं पापणी किती उतरवायची, बुबुळ कुठं ठेवायचं, ते फिरवायचं की थांबवायचं, हे एकेका दृष्टीसाठी वेगळं लिहून ठेवलं आहे. करुण दृष्टीत वरची पापणी खाली येते, डोळ्यांत पाणी असतं आणि नजर नाकाच्या शेंड्यावर ठरते. लाजेच्या दृष्टीतही पापणी उतरते, पण तिथं पापण्यांची टोकं वळलेली आणि बुबुळ लाजेनं खाली गेलेलं. दीन दृष्टी निराळी, थकलेली दृष्टी निराळी, शून्य दृष्टी आणखी निराळी. आणि या यादीत विषण्ण दृष्टीपाशी आलं की थबकायला होतं. विषादानं भरलेल्या माणसाच्या पापण्या भरतमुनी खाली आणतच नाहीत. त्या ताणून उघडलेल्या असतात, लवत नाहीत, आणि बुबुळं जागच्या जागी थिजल्यासारखी असतात.

हे वाचलं तेव्हा मला माझी मावशी आठवली. काका गेले त्या दिवशी ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती. समोरच्या फळीवर काकांचा चष्मा होता, एक काडी उघडी आणि एक मिटलेली, तो ठेवताना त्यांनी ठेवला असेल तसा. मावशी त्याच्याकडं पाहत होती. पाहत होती म्हणणंही कठीण आहे, डोळे त्या दिशेला उघडे होते एवढंच. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, मोठ्यानं रडत होत्या, आणि तिची पापणी लवत नव्हती. शेजारच्या आजी हळूच आईला म्हणाल्या, "तिला रडवा गं, नाहीतर आत राहील." पाणी पाजलं, हलवलं, लेकीला तिच्या मांडीवर बसवलं. संध्याकाळी केव्हातरी तिचे डोळे खाली गेले, लेकीच्या वेणीकडं, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. घरातल्या सगळ्या बायकांनी सुस्कारा टाकला. ज्या अवस्थेत राहू नये असं त्या अनुभवी बायकांना वाटत होतं, ती उघड्या डोळ्यांची होती. नजर खाली गेली तेव्हा मावशी परत आमच्यात आली होती.

चित्रकारांचं शास्त्रही असंच बारीक आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात डोळ्यांचे आकार सांगताना घाबरलेल्या आणि रडणाऱ्या माणसाचा डोळा कमळाच्या पाकळीसारखा काढायला सांगितला आहे. योगात जमिनीकडं दृष्टी लावलेल्याचा डोळा मात्र धनुष्यासारखा. म्हणजे रडणारा आणि खाली पाहणारा, दोघांचे डोळे एका रेषेत काढायचे नाहीत, अशी ताकीदच आहे. हे वाचून एखाद्यानं अजिंठ्याच्या भिंतींकडं पाहावं. तिथल्या प्रत्येक चित्रकाराच्या हातात चित्रसूत्राची पोथी होती असं माझं म्हणणं नाही. पण त्या हातांना हा भेद ठाऊक होता हे डोळ्यांना दिसतं.

दुःख कसं काढतात ते पाहायचं असेल तर सोळाव्या लेण्यात जावं. हे लेणं वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. डाव्या बाजूच्या भिंतीवर जे चित्र आहे त्याला इंग्रजांच्या काळात 'मरणोन्मुख राजकन्या' असं नाव पडलं आणि ते अजून चिकटून आहे. पुढं अभ्यासकांनी ते अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याशी जोडलं. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. सुंदरी त्याची बायको. नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, तो हा क्षण. सुंदरी आसनावर आहे, पण बसलेली आहे असं वाटत नाही. मान एका बाजूला कललेली, मागून एका दासीनं तिला सावरून धरलं आहे, दुसरीनं हात हातात घेतला आहे. तिची बोटं पाहावीत. त्यांत धरण्याची इच्छाच उरलेली नाही. खांदा सुटलेला, कोपर सुटलेलं, सगळं अंग जमिनीच्या ओढीनं खाली निघालेलं. डोळेही खाली आहेत, पण ते अंगासोबत गेलेले आहेत. ते कशाकडंही पाहत नाहीत. इथं चित्रकारानं दुःख डोळ्यांवर सोपवलंच नाही. ते मनगटात, मानेत आणि भोवतालच्या बायकांच्या काळजीत वाटून दिलं. आमच्या कथाकारांनी या एका चित्रासमोर तासभर बसावं असं मला फार वाटतं.

आणि मग परत पहिल्या लेण्यात यावं, पद्मपाणीपाशी.

गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या अंगाला तो आहे आणि उजव्या अंगाला वज्रपाणी. पद्मपाणीच्या चित्राचा फोटो पाहिला नाही असा मराठी माणूस क्वचितच असेल. पाठ्यपुस्तकात असतो, कॅलेंडरवर असतो, सरकारी कार्यालयांत असतो. पण भिंतीवर तो आहे त्याच्या भोवतीची गर्दी फोटोत येत नाही. खडकांचे ठोकळे, झाडं, माकडं, मोर, वाजवणारे किन्नर, एकमेकांत रमलेली जोडपी, शेजारी उभी असलेली सावळी राजस्त्री. सगळी कुठं ना कुठं पाहताहेत. आणि मधोमध, त्यांच्याहून आकारानं मोठा, तो. डोक्यावर रत्नांचा उंच मुकुट, गळ्यात मोत्यांचा सर, अंगाला तीन ठिकाणी बाक, उजव्या हातात निळं कमळ इतकं हलकं धरलेलं की बोटांना त्याचं वजन लागत नसावं. भुवई एका दमात ओढलेली. आणि पापण्या उतरलेल्या.

या चेहऱ्याला 'खिन्न' म्हटलेलं मी किती ठिकाणी वाचलं आहे. विषादमग्न, दुःखी, उदास. हे लिहिणारे लोक मनापासून लिहितात, त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण सुंदरीला पाहून आल्यावर हे विशेषण इथं बसत नाही. पद्मपाणीच्या अंगात कुठंही सैलपणा नाही. मान कललेली आहे, पण तोललेली आहे. बोटं जागी आहेत. ओठ मिटलेले आहेत, पण दाबलेले नाहीत. सबंध शरीर स्वस्थ असताना पापण्या तेवढ्या दुःखी कशा असतील? तो खाली पाहतो आहे, कारण ज्यांच्याकडं पाहायचं ते खाली आहेत. पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर, आणि भरतमुनींनी जमिनीकडं वळलेल्या नजरेला 'अवलोकित' हेच नाव दिलं आहे. सगळे जीव सुटल्याशिवाय आपण सुटायचं नाही असं ठरवून थांबलेला हा बोधिसत्त्व आहे. अशा माणसाला दुःख दिसत असतं. दुःख दिसणं आणि दुःखी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर, परिचारिका, दाई, वर्गातल्या रडणाऱ्या पोरापाशी खाली बसणारी बाई, ज्यांना रोज पाहावं लागतं त्यांना विचारा. त्यांचे डोळे खाली असतात, पण त्या वेळी ते कामात असतात.

या चेहऱ्यासाठी माणसांनी काय काय केलं आहे! १८१९ साली वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव कोरून ठेवलं. मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली चित्रांच्या नकला करायला आला आणि आयुष्यातली उरलेली बहुतेक वर्षं याच मुलखात राहिला. भुसावळला त्याची कबर आहे. त्यानं केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, पेस्तनजी बोमनजी त्यांत होते, वर्षानुवर्षं लेण्यांत बसून पुन्हा नकला करत राहिले. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. निजामानं १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवले, त्यांनी चित्रं भिंतीला धरून ठेवली, पण त्यांच्यावर दिलेलं लाखेचं रोगण पुढं पिवळं पडलं. चिखल, भुसा, गवताचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, गेरू, काजळी, हिरवी माती आणि बदख्शांच्या खाणीतून आलेला निळा लाजवर्द, एवढ्यावर उभी असलेली ती पापणी दीड हजार वर्षं टिकली. जे. जे. च्या त्या मुलांचा मला हेवा वाटतो. तेलाच्या दिव्यांच्या आणि आरशानं आत फेकलेल्या उन्हाच्या उजेडात एका पापणीची रेघ बरोबर यावी म्हणून दिवस घालवायचे, म्हणजे ती पापणी किती खाली आहे हे हाताला कायमचं कळणार. आपण फक्त बघतो आणि विशेषण लावून पुढं जातो.

याच लेण्यांत जे भिक्षू पावसाळ्यात मुक्कामाला राहत, त्यांच्याही नजरेला नियम होता. विनयपिटकात भिक्षूंच्या वागण्याचे जे बारीकसारीक नियम आहेत त्यांत गावात शिरताना नजर खाली ठेवून चालावं असं सांगितलं आहे, आणि किती खाली, तर एका जुवाच्या अंतरावर. आमच्या खानदेशातल्या शेतकऱ्याला हे माप समजावून सांगावं लागत नाही. बैलांच्या मानेवरचं जू, तेवढंच पुढं पाहायचं. जैन साधूंच्या ईर्यासमितीत, म्हणजे चालण्याच्या नियमातही, हेच माप आहे, आणि तिथलं कारण उघड आहे: पायाखाली किडामुंगी येऊ नये. चातुर्मासात जळगावच्या रस्त्यांवरून जैन साध्वी अनवाणी जाताना मी पाहते. त्यांची नजर जुवाभर पुढं, पाऊल त्या नजरेच्या मागून. त्या उदास दिसतात असं मला कधी वाटलं नाही. फार व्यग्र दिसतात.

इथवर मी खाली पाहणाऱ्या डोळ्यांची बाजू घेतली. पण एक गोष्ट बोलल्यावाचून हे सगळं खोटं ठरेल. आमच्या मुलखात सगळ्यांत जास्त पापण्या करुणेनं उतरलेल्या नाहीत, त्या उतरवायला लावलेल्या आहेत.

पालकसभेला आलेली आई मुलीचं कौतुक करताना अजूनही म्हणते, "बाई, आमची पोरगी खाली मान घालून जाते-येते. कुणाकडं वर डोळा करून बघायची नाही." हे म्हणताना तिचा चेहरा फुललेला असतो. मुलगी शेजारी उभी असते, मान खालीच. तीच मुलगी पुढं पाहुण्यांसमोर कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन येते तेव्हा कुणीतरी आत्याबाई म्हणतात, "मान वर कर गं, नीट बघू दे त्यांना." मान केव्हा खाली घालायची आणि केव्हा वर करायची, दोन्ही वेळा तिनं ठरवायचं नसतं. तिला स्वतःला काय बघायचं आहे, हे विचारायची तर रीतच नाही. अशा मुलींच्या निबंधांतल्या नायिकाही खाली मान घालूनच बसलेल्या असतात, आणि मी लाल शाईनं त्यांच्या कडेला 'मग तिला काय दिसलं?' असं लिहिते. काही जणी उत्तर लिहून आणतात. एकीच्या नायिकेला फरशीवर मुंग्यांची रांग दिसली होती, ती कुठं जाते याचा माग काढत तिनं दोन पानं लिहिली, आणि तो त्या वर्षीचा वर्गातला सर्वांत चांगला निबंध होता.

जातीनं घातलेली मान तर याहून जुनी आणि याहून क्रूर. गावाच्या रस्त्यावरून कुणी किती वाकून जायचं, जोहार किती लांबून घालायचा, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हे सगळं जन्मानं ठरत होतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं गेली ती ओंजळभर पाण्यासाठी गेली, आणि ते पाणी उचलताना त्यांच्या माना त्यांच्या स्वतःच्या मर्जीनं वाकल्या, हेही त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. बाबासाहेबांचे पुतळे पाहावेत: चौकात, वस्तीच्या तोंडाशी, कुठंही. नजर सरळ, पुढं. एकही पुतळा खाली पाहणारा मला आठवत नाही, आणि तो तसा नसावा हेच बरोबर आहे. बाबासाहेब उतारवयात चित्र काढायला शिकले होते. त्यांनी काढलेल्या बुद्धाच्या चित्रात डोळे उघडे आहेत. आमच्याकडच्या विहारांत त्या उघड्या डोळ्यांच्या बुद्धाच्या तसबिरी दिसतात, आणि ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या नजर वर करू दिली नाही, त्या घरांनी डोळे उघडलेलाच बुद्ध पसंत करावा यात नवल कसलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या लाखो माणसांनी दीक्षा घेतली, त्यांना जग सोडून आत वळणारा बुद्ध नको होता. त्यांना त्यांच्याकडं पाहणारा हवा होता.

मला या दोन बुद्धांत भांडण दिसत नाही. पापणी वर असेल किंवा खाली, ती कुणाच्या मर्जीनं आहे आणि तिच्यापुढं काय आहे, एवढंच मी विचारते. पद्मपाणीची पापणी त्याची स्वतःची आहे. पालकसभेतल्या त्या मुलीची नाही. दोघांना एकच 'नम्र' किंवा एकच 'खिन्न' लावणं मला जमत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना ते जमू नये अशी माझी धडपड असते.

सहलीच्या शेवटी पोरं दमलेली असतात, तरी मी त्यांना सतराव्या लेण्यात नेतेच. सोळाव्याला लागूनच आहे ते. तिथल्या शिलालेखात लेणं कोरवून घेणाऱ्या राजाच्या धाकट्या भावाचा, रविसांबाचा, मृत्यू नोंदलेला आहे. भाऊ गेल्यावर सगळं अनित्य आहे हे उमगून राजा दानाकडं वळला. म्हणजे हे लेणं मुळातच शोकातून उभं राहिलेलं आहे. आणि त्याच्या गर्भगृहाअलीकडच्या अंतराळात यशोधरा आहे.

सुंदरी आणि यशोधरा या जावा. एकीचा नवरा नंद, दुसरीचा सिद्धार्थ. दोघींना त्यांच्या नवऱ्यांनी एकाच वाटेसाठी सोडलं, आणि अजिंठ्यात दोघी शेजारशेजारच्या लेण्यांत आहेत. बुद्ध होऊन सिद्धार्थ कपिलवस्तूला परत आला तेव्हा सगळे त्याला भेटायला गेले, यशोधरा गेली नाही. तिच्यात काही गुण असतील तर तोच येईल, या भावनेनं ती आपल्या जागी थांबली, आणि तो आला, अशी कथा जुन्या बौद्ध ग्रंथांत आहे. चित्रात तो भिक्षापात्र घेऊन महालाच्या दाराशी उभा आहे, भिंतीच्या उंचीएवढा. त्याच्यापुढं यशोधरा आणि राहुल अगदी लहान काढले आहेत. आई मुलाला पुढं करते आहे. दोघांच्याही माना वर आहेत, डोळे पूर्ण उघडे, त्याच्या चेहऱ्याला लागलेले. आणि बुद्धाची नजर खाली आहे, त्यांच्याकडं.

मुलांना मी इथं काही सांगत नाही, फक्त विचारते, "यात दुःखी कोण?" हा प्रश्न त्यांना अडवतो. आपल्याकडच्या सवयीनं पाहिलं तर टाकून दिलेल्या बाईची मान खाली असायला हवी होती. चित्रकारानं ती वर ठेवली. ज्याला सगळं मिळालं, ज्याच्यापुढं राजे वाकतात, त्याची नजर खाली. एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, ती हिशोब मागतेय." मला ते वाक्य कुठल्याही जाणकाराच्या टिपणापेक्षा मोलाचं वाटलं, कारण खरोखर तसंच आहे. यशोधरेनं राहुलला शिकवून पाठवलं होतं की बापाकडं वारसा माग. राहुल मागत त्याच्या मागं मागं गेला, आणि बुद्धानं आपल्याकडं होता तो वारसा दिला: पोराला संघात घेतलं. नातवाच्या जाण्यानं शुद्धोदन कोसळला. आधी मुलगा गेला, मग नंद गेला, आता राहुलही. म्हातारा राजा स्वतः बुद्धाकडं गेला आणि त्यानं आपलं दुःख त्याच्यापुढं मांडलं, आणि निदान यापुढं कुणा आईबापावर हे येऊ नये, एवढंच मागितलं. बुद्धानं ते ऐकलं आणि त्याच वेळी नियम घालून दिला की आईवडिलांच्या संमतीवाचून कुणाच्या मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही. राहुलसाठी तो नियम उशिरा आला. पण आजही उपसंपदेच्या वेळी भिक्षू होऊ पाहणाऱ्याला जे प्रश्न विचारतात, त्यांत हा एक असतो: आईवडिलांनी परवानगी दिली आहे का?